खात्रीचं वजन

फोन पुन्हा केकाटला तेव्हा सूनबाईने हातातलं फडकं टेबलावर आपटलं.

"दोनशे साठ," ती म्हणाली. "आणि अजून वर चाललाय."

बैठकीच्या खोलीतल्या सगळ्या माना एकदम खिडकीकडे वळल्या. खिडकीशी सासरे बसले होते. स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या, मांडीवर रुमाल, आणि त्या आकड्याशी आपला काही संबंधच नसल्यासारखे ते चष्म्याच्या काचा पुसत होते. चार महिन्यांपूर्वी याच माणसाच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवून आणली होती. घरी सोडताना डॉक्टरांनी सगळ्यांना उभं करून निक्षून सांगितलं होतं, की मधुमेह इतकी वर्षं अंगावर काढलात. आता साखर आटोक्यात आली नाही तर पुढच्या खेपेला हॉस्पिटल गाठायलाही सवड मिळायची नाही. तेव्हापासून सूनबाईच्या जिवाला घोर लागला होता, आणि ज्याच्यासाठी लागला होता तो माणूस काचा पुसत होता.

यंत्र येऊन दीड आठवडा झाला होता. बटणाएवढी पांढरी चकती. दंडावर चिकटवली की तिची केसासारखी सुई कातडीखाली राहते आणि अंगातली साखर दिवसरात्र फोनवर दिसते. कोणतं खाणं किती चढवतं ते कळावं म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी ते मागवलं होतं. सासऱ्यांनी ते कुणाला चिकटवू दिलं नाही. "माझं मी बघतो," म्हणत त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं होतं. त्यांचा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला होता, आणि आकडा हद्दीबाहेर गेला की इकडे सूनबाईचा फोन बोंब मारायचा. दीड आठवडा बोंबच चालली होती. म्हणून आज सुट्टीचा दिवस बघून तिनेच सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं, की बसा एकदा समोरासमोर आणि काय तो सोक्षमोक्ष लावा.

"बाबा, खरं सांगा," तिचा नवरा म्हणाला. घरात त्याला सगळे थोरलाच म्हणत. "काय खाल्लंत?"

"तुझ्या शेजारी बसून जेवलो की."

"त्यानंतर?"

"त्यानंतर तुमची बोलणी खातोय."

धाकटा फिस्सकन हसला. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने अशा वेळी हसू नये, असं थोरल्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"हसतोस काय? तूच त्यांना चोरून बिस्किटं आणून देत असशील."

"मी? दादा, मी तर तेल बंद करा म्हणून पहिल्या दिवसापासून कंठशोष करतोय. हृदयाचं दुखणं सगळं तेलातुपाचं."

"हो ना," सूनबाई म्हणाली, "आणि तेल बंद म्हणून तू त्यांच्या पानातले मासे काढलेस, शेंगदाणे काढलेस. मग भूक भागेना म्हणून पांढरा पाव आला. तो कुणी वाढवला? त्या बाईंनी काय सांगितलं होतं? अर्धं ताट भाजी, पाव ताट कडधान्य नाहीतर मासे, आणि उरल्यात भात नाहीतर पाव, तोही कोंड्याचा. तेल मोजून, पण बंद नाही. हृदयाला वाईट ते लोणी आणि तळण, शेंगदाणे नव्हेत. मी एवढं पाठ केलं, तू विज्ञान शिकवतोस!"

"ए, भांडू नका गं," आत्या मध्ये पडल्या. आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. मध्ये पडायचं आणि पडता पडता आणखी एक काडी टाकायची, ही त्यांची जुनी हातोटी. "उपाशी मारताय तुम्ही दादाला, म्हणून साखर चढते. मी एवढा जीव तोडून फळांचा रस आणते, तो तरी पिऊ द्यावा माणसाला. साखरेचा कण नसतो त्यात."

"आत्या, सहा फळांचा रस एका पेल्यात येतो. चोथा टाकून दिल्यावर राहतं काय? साखरच. फळ चावून खाऊ दे ना, कोण नाही म्हणतंय?"

"त्या आहारवाल्या बाई कालच्या. मी जन्मभर फळं खातेय."

"साखरेचा डबा मी स्वतः कपाटात कुलूप लावून ठेवलाय," थोरला म्हणाला. चार महिन्यांत त्याने केलेलं हे एकमेव काम, आणि ते तो दर चर्चेत एकदा तरी सांगायचा.

"साखर कुलपात आणि बटाटे मोकळे," सूनबाई फणकारली. "पोटात गेल्यावर दोघांची जात एकच असते."

थोरल्याचा चेहरा पडला आणि लगेच कडक झाला. घराखालच्या वजनकाट्यांच्या कारखान्याच्या वाटणीवरून त्याचं नि आत्यांचं वर्षभर धड बोलणं नव्हतं. समोर आले तर ते एकमेकांच्या खांद्यावरून भिंतीकडे बघायचे. पण आज त्याने सरळ आत्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि आत्यांनीही मान डोलावली. सूनबाई सावध झाली, कारण या घरात दोन भांडणारी माणसं एक झाली की तिसऱ्याचं काही खरं नसतं.

"एक विचारू?" थोरला म्हणाला. "स्वयंपाकघर कुणाच्या हातात आहे?"

"तेच म्हणते मी," आत्या म्हणाल्या. "आपण इथे बसून कितीही बोललो तरी पानात पडतं ते पानात वाढणारीच जाणे."

सूनबाईला वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. चार महिने ती खाली कारखाना सांभाळून वर दोन स्वयंपाक रांधत होती, एक सासऱ्यांचा आणि एक बाकीच्यांचा. सासऱ्यांना जेवण झाल्यावर चालायला नेत होती, त्यांच्या गोळ्या हातावर ठेवत होती, त्यांच्या शिव्या खात होती. आणि हा माणूस, ज्याने एका डब्याला कुलूप लावलं, तो विचारत होता स्वयंपाकघर कुणाच्या हातात आहे. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुझ्या बायकोवर नको घालूस रे," सासरे एकदम म्हणाले. "ती बिचारी नेटानं करतेय. यंत्र खोटं आहे."

"बाबा, पुन्हा तेच!"

"तेच, कारण तेच खरं. रोज सकाळी मी बोट टोचून बघतो ना त्या जुन्या यंत्रावर? काय येतं? एकशे दहा, एकशे पंधरा. जेवल्यावर बघितलं तर दीडशेच्या आत. आणि हे नवं शिंचं अडीचशेच्या खाली बोलत नाही. उद्या त्या बाई येऊ देत, पुराव्यानिशी त्यांच्या पदरात घालतो."

"कसला पुरावा?"

"आहे एक," सासरे म्हणाले आणि हसले.

ते हसू सूनबाईला चांगलं ओळखीचं होतं. तीन पिढ्या या घराने वजनकाटे बनवले आणि दुरुस्त केले. बाजारात त्यांना आडनावाने कुणी ओळखत नसे, काटेवालेच म्हणत. थोरल्याला त्या कामाची आवड नव्हती, धाकट्याचा हात त्यात बसत नव्हता. शेवटी सासऱ्यांनी सुनेलाच शेजारी बसवून शिकवलं होतं, आणि आज सोनारांचे नाजूक काटे तिच्याच हातून जात. कुणी व्यापारी नवाकोरा महागडा काटा घेऊन मिरवत आला की सासरे असेच गालात हसायचे. मग कपाटातून मखमलीतलं पितळी वजन काढून त्यावर ठेवायचे. नव्या काट्यावर आधी माल ठेवायचा नसतो, ते तिला सांगायचे. आधी आपलं खात्रीचं वजन ठेवायचं. ते त्याने बरोबर दाखवलं नाही तर काटा खोटा. वजनावर शंका घ्यायची नाही.

तिचा फोन पुन्हा केकाटला. दोनशे शहात्तर.

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. जेवून उठल्यापासून ते याच खुर्चीत होते आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या तोंडात पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं. जेवणानं साखर चढली असती तरी ती एव्हाना उतरायला हवी होती, आणि आकडा तर आत्ता कुठे चढायला लागला होता. रोजच असं व्हायचं. सगळ्यांची जेवणं आटोपून भांडी गोळा झाली की मग. आणि काल? काल सासरे धान्याच्या गिरणीतला मोठा काटा बघायला दुपारभर बाहेर होते. फोन इथेच फळीवर होता. फोन अंगापासून लांब गेला तर आकडे थांबतील असं त्या बाई बजावून गेल्या होत्या. काल आकडे थांबले नव्हते. कालही केकाटत होते, आणि ती मात्र सासरे घरी आल्यावर त्यांच्यावर खेकसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "दंड दाखवा."

"कशाला?"

"दाखवा म्हणते ना."

सासऱ्यांनी दोन्ही हात छातीशी घट्ट बांधले. थोरला काहीतरी बोलणार होता, पण तोवर सूनबाई उठून स्वयंपाकघरात गेलीही होती.

सासूबाई ओट्याशी उभ्या राहून जेवत होत्या. ताट घेतलेलं नव्हतं. भाताच्या पातेल्यात तळाशी उरलेला भात, त्यातच बाकीच्यांच्या जेवणातले उरलेले बटाटे कालवलेले, आणि हातात पावाचा तुकडा, पातेलं पुसून घ्यायला. शेजारी आत्यांनी सकाळी आणलेली रसाची बाटली होती, ती जवळजवळ रिकामी झाली होती. चुलीच्या धगीत उभ्या असूनही त्यांच्या अंगात जाड स्वेटर होता आणि कपाळावर घाम होता.

"आई, स्वेटर काढा."

"गार वाजतंय गं."

"घामानं भिजलात तुम्ही. काढा."

"अगं, ते ओरडतील मला," सासूबाई कुजबुजल्या. सूनबाईने आणखी काही न विचारता त्यांची बाही वर सरकवली. दंडावर पांढरी चकती होती.

तिने सासूबाईंना हाताला धरून बाहेर आणलं, तशाच खरकट्या हाताने, आणि खोलीच्या मधोमध उभं केलं.

"हे घ्या बाबांचं यंत्र," ती म्हणाली.

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग सासऱ्यांनी, चोरी पकडली गेल्यासारखं नव्हे, तर उद्याचा पत्ता आजच टाकावा लागल्यासारखं तोंड केलं.

"हो, मीच लावलं तिला. काय चुकलं? कुठलं कोण जाणे यंत्र, ते आधी तपासायला नको? हिला कसला रोग नाही. बाळंतपणं सोडली तर हिनं डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही. हिच्या अंगावर ठीक आकडा आला असता तर मी निमूट माझ्या दंडाला लावून घेतलं असतं. पण आला का? पहिल्याच दुपारी दोनशेच्या वर! म्हटलं, सापडला चोर. आता राहू दे हिच्याच अंगावर, त्या बाईंना भरपूर आकडे दाखवू."

"आणि आम्ही सगळे दीड आठवडा एकमेकांचे गळे धरतोय ते?" धाकटा ओरडला.

"ते तुम्ही एरवीही धरताच."

सूनबाई सासऱ्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "बाबा, आणि खात्रीचं वजनच बिघडलं असेल तर?"

सासऱ्यांनी चष्मा चढवून बायकोकडे पाहिलं.

तिने कपाटातून बोट टोचायचं जुनं यंत्र आणलं, ज्याच्यावर सासऱ्यांचा विश्वास होता ते. सासूबाईंचा हात धुऊन, पुसून बोट टोचलं. दोनशे ब्याऐंशी. सासऱ्यांनी ते तिच्या हातातून हिसकावून घेतलं, नवी पट्टी लावली आणि स्वतःचं बोट टोचलं. एकशे अडतीस. मग पुन्हा बायकोचा हात धरला, दुसरं बोट निवडलं, टोचलं. आकडा आला तो त्यांनी कुणाला वाचून दाखवला नाही. यंत्र त्यांनी मांडीवर पालथं ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काट्याला दोष देता येत नव्हता.

"तुला काही होत होतं का गं?" त्यांनी विचारलं.

"मला काय व्हायचंय?"

"आई, जिना चढताना मध्ये थांबता तुम्ही," सूनबाई म्हणाली. "सारखं पाणी पिता. मी बघितलंय. मला वाटलं दमता."

"दमतेच की. या वयात कोण दमत नाही?"

"आणि हे उभ्यानं काय खात होता? भात, बटाटे, पाव, वर रस?"

"मग टाकू का?" सासूबाईंना आता मात्र राग आला. त्यांचा राग म्हणजे आवाज किंचित चढायचा, एवढंच. "ह्यांच्या पानातून तुम्ही रोज काही ना काही काढता. पाव काढला, भात काढला, बिस्किटांचा डबा काढला. ते जायचं कुठे? समोर राहिलं तर ह्यांचा हात जाईल, म्हणून मी संपवते. वन्सं एवढ्या लांबून रस आणतात, हे तोंड लावत नाहीत. वन्संना वाईट वाटायला नको, म्हणून तोही मीच पिते."

आत्यांनी तोंडावर हात घेतला. "अगं वहिनी, मी दादासाठी आणत होते गं! तू मला सांगायचंस तरी."

"तरी मी म्हणत होतो, रस बंद करा म्हणून," थोरल्याने तोंडसुख घेतलं. मघाची युती मोडायला त्याला एवढं पुरे होतं.

"तू कधी म्हणालास? कुलूप-कुलूप करत होतास!"

"मुळात एवढा भात रांधायचाच कशाला?" धाकटा म्हणाला. "माणसं किती, खाणं किती, काही हिशेब?"

"गप्प बसा!" सूनबाई एवढ्या जोरात ओरडली, की खालच्या कारखान्यापर्यंत आवाज गेला असावा. "एकही माणूस आता चूक कुणाची ते बोलणार नाही. आईंना बसायला खुर्ची द्या आधी. मघापासून त्या उभ्या आहेत, दिसत नाही कुणाला? आणि तुम्ही गाडी काढा."

थोरल्याने मुकाट्याने किल्ली उचलली.

सुट्टीमुळे हॉस्पिटलात तातडीचा विभाग तेवढा चालू होता. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी सासूबाईंना खाटेवर झोपवून छातीला वायरी लावल्या, रक्त घेतलं, पाय उघडे करून तळव्यांना टोकदार वस्तूने टोचून "कळतंय का?" म्हणून विचारलं. सासूबाई प्रत्येक वेळी "हो" म्हणाल्या. टोचलं नव्हतं तेव्हाही एकदा म्हणाल्या. पडद्याच्या अलीकडे सगळं घर दाटीने उभं होतं.

डॉक्टरीणबाईंनी हृदयाच्या आलेखाची कागदी पट्टी दोनदा वाचली.

"मधुमेह आहे हे उघड आहे," त्या म्हणाल्या. "आणि हे काही चार-सहा महिन्यांचं काम नव्हे, बरीच वर्षं असणार. खाण्यानं अलीकडे जास्त भडकलंय, ते आपण खाण्यानं आणि औषधानं आणू खाली. पण मला दुसरं विचारायचंय. यांना हृदयविकाराचा झटका कधी आला होता?"

"झटका?" थोरला म्हणाला. "तो बाबांना आला होता."

"मी यांच्याबद्दल विचारतेय. हृदयाच्या स्नायूचा एक भाग आधीच दुखावून गेलेला दिसतोय या आलेखात. आणखी एक तपासणी करून मी खात्री करेन. पण आलेखावरून तरी झटका येऊन गेलेला वाटतोय."

"शक्यच नाही," सासरे म्हणाले. "छातीत कळ आली असती तर मला कळलं नसतं?"

"मधुमेहात नसा बोथट होतात, काका. बायकांमध्ये तर आणखीच चकवा असतो. छातीत कळ येईलच असं नाही. दरदरून घाम येतो, जबडा दुखतो, पाठ भरून येते, मळमळतं. लोक पित्त समजून सोडून देतात."

लगेच पडद्याअलीकडे आठवणींचा बाजार भरला. आत्यांना मागल्या हिवाळ्यातली ताप आल्याची वेळ आठवली. धाकटा म्हणाला, नाही नाही, आई जिन्यावरून घसरली होती तेव्हा. थोरला म्हणाला ती घसरलीच नव्हती, ती शेजारची बाई. दोघांचे आवाज चढू लागले. सूनबाईने कपाळावर हात मारला आणि पडदा बाजूला करून आत गेली. सासूबाई छताकडे बघत पडल्या होत्या.

"आई, तुम्हाला आठवतंय का असं काही?"

"आठवतंय की," सासूबाई म्हणाल्या.

बाहेरचे सगळे पडद्याशी आले.

"ह्यांना जाळी बसवायला आत नेलं ना, त्या दिवशी. तुम्ही सगळे त्या काचेच्या दारापाशी होतात. मी बाकावर बसले होते. एकदम घाम फुटला, इथून जबडा धरला, पाठीत कुणी गुडघा रोवल्यासारखं झालं. उलटी येते की काय वाटलं. मग थोड्या वेळानं ओसरलं."

सासरे पडदा धरून उभे होते. त्यांनी तो ओढून पुरता बाजूला केला.

"अगं मग सांगायचं नाहीस?" ते ओरडले, आणि ओरडता ओरडता त्यांचा आवाज फाटला. "हॉस्पिटलात बसली होतीस तू! चहूकडे डॉक्टर होते! कुणालाही सांगायचंस!"

"गेले होते ना सांगायला," सासूबाई म्हणाल्या. "तिथल्या नर्सनं विचारलं, पेशंट कोण? मी तुमचं नाव सांगितलं."